ळ, ण, श यांना स्वतंत्र बटणं: मराठी टंकनासाठी नऊ बटणांचा कीपॅड घरी बनवा

इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या आराखड्यात ‘शाळा’ टाइप करताना डाव्या हाताकडे लक्ष द्या. श साठी करंगळी शिफ्टवर आणि उजव्या हाताने एम. शिफ्ट सोडून डाव्याच मधल्या बोटाने ई, म्हणजे काना. पुन्हा करंगळी शिफ्टवर, उजव्याने एन, म्हणजे ळ. आणि पुन्हा ई. दोन अक्षरी शब्दात डाव्या हाताची चार वेळा उठबस. आता ‘शाळेतल्या बाळांना पोषण’ एवढं टाइप करून बघा.

माझं काम मराठी पुस्तकांच्या अक्षरजुळणीचं. दिवसभर टाइप करणाऱ्याची करंगळी पहिली बोलायला लागते, आणि त्याचं कारण ठरलेलं आहे. इन्स्क्रिप्ट हा आराखडा ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांसाठी एकच आखला गेला. १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो दिलेला आहे. एकदा मराठीत हात बसला की त्याच हाताने गुजराती किंवा कन्नड टाइप करता येतं, ही त्याची मोठी ताकद. पण त्या एकसारखेपणात ळ गेला ल च्या शिफ्टवर, श गेला स च्या शिफ्टवर आणि ण गेला म च्या शिफ्टवर. हिंदीला ळ लागत नाही. आपल्याला ओळीओळीत लागतो.

आराखडा बदलायची गरज नाही. मुख्य कीबोर्ड आहे तसा ठेवायचा आणि त्याच्या जोडीला नऊ बटणांचा एक लहान कीपॅड लावायचा. त्यात ड्रायव्हर नाही, वेगळं सॉफ्टवेअर नाही. कुठल्याही कॉम्प्युटरला तो साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो. सोल्डरिंग कधी केलं नसेल तरी जमेल असं हे काम आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, बटणाची जागा पाठवतो. यूएसबी कीबोर्डचा साधा निरोप आठ बाइटचा असतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांची स्थिती, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या बटणांचे क्रमांक. या क्रमांकांत ए म्हणजे ४, बी म्हणजे ५, असं करत एन म्हणजे १७. डावं शिफ्ट म्हणजे पहिल्या बाइटमध्ये २. मग ळ चा निरोप असा जातो: २, ०, १७, ०, ०, ०, ०, ०. बोट उचललं की आठही शून्य. या निरोपात ळ कुठेच नाही. ‘शिफ्ट धरून एनच्या जागेचं बटण’ एवढंच आहे. त्या जागेचा ळ करायचा की इंग्रजी मोठा एन, हे कॉम्प्युटरवर त्या वेळी कोणती भाषा चालू आहे त्यावर ठरतं.

म्हणून आपला कीपॅड इन्स्क्रिप्टच्या खांद्यावर बसूनच काम करणार. युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर ठरवून दिलेला क्रमांक, पाठवण्याचे मार्गही आहेत. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून ९३३ टाइप केलं आणि एंटर दिलं की ळ उमटतो. पण विंडोजवर रीत वेगळी, मॅकवर आणखी वेगळी, आणि पेजमेकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालेलच असं नाही. जागेचा क्रमांक पाठवणं सगळीकडे सारखं चालतं. मी तेच धरलं.

आता सामान. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कीपॅडचा मेंदू असलेला छोटा बोर्ड, निवडताना एकच प्रश्न विचारायचा: याच्या मुख्य चिपला स्वतःची यूएसबी आहे का? आर्डुइनो ऊनोचा जुना बोर्ड (आर३) सगळ्यांच्या हाताशी असतो, पण त्याच्या मुख्य चिपला यूएसबी नाही. कॉम्प्युटरशी बोलायला बोर्डावर वेगळी चिप बसवलेली असते. त्यामुळे तो सरळसरळ कीबोर्ड बनू शकत नाही. जुन्या ईएसपी३२ची गत तीच. त्यातले एस२ आणि एस३ मात्र चालतात. प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड चालतो, कीबोर्ड बनवणाऱ्यांचा तो जुना सोबती आहे. मी सुचवते तो रास्पबेरी पाय पिको. २०२१च्या जानेवारीत आला तेव्हा किंमत ४ डॉलर होती, आजही तो स्वस्तच पडतो. वायर जोडायला २६ पिना मिळतात, आपल्याला नऊच हव्यात. आणि त्यावरचा प्रोग्रॅम म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, जी नोटपॅडमध्ये उघडून बदलता येते. बटणं पुन्हापुन्हा इकडची तिकडे कराल तेव्हा याची किंमत कळेल.

पिकोच्या जोडीला मेकॅनिकल स्विच नऊ, चेरी एमएक्स पद्धतीचे. गॅटेरॉन, आउटेमू, काइल यांतले कुठलेही चालतील. निळे टकटक वाजतात, तपकिरी दाबताना मधे हलकासा अडथळा देतात, लाल सरळ खाली जातात. ऑफिसात बसत असाल तर निळे नकोत. मी तपकिरी वापरते, कारण बटण लागल्याची खूण बोटाला मिळते आणि डोळे मूळ हस्तलिखितावरून हलवावे लागत नाहीत. कीकॅप घेताना पारदर्शक झाकण निघणाऱ्या मिळाल्या तर बघा. झाकणाखाली छापलेली कागदाची चकती ठेवता येते. वरून चिकटवलेलं स्टिकर बोटांच्या घामाने सुटतं.

पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. पिकोला मायक्रो यूएसबीची केबल लागते, आणि इथे एक गोष्ट ठासून सांगायची. मी काउंटरवर म्हणाले, ‘‘दादा, डेटा केबल द्या, नुसती चार्जिंगची नको.’’ त्यांनी समोरचा गठ्ठा बाजूला सारला आणि आतून दुसरी काढली. ‘‘ताई, सांगितलंत ते बरं केलंत. लोक ती नेतात आणि बोर्ड खराब म्हणून परत आणतात.’’ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. पिकोला वीज मिळते आणि कॉम्प्युटरला मात्र काहीच दिसत नाही.

आणखी लागतं ते २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, बारीक वायर आणि साधा मल्टिमीटर.

बहुतेक जण आधी सोल्डरिंग करतात आणि मग प्रोग्रॅमकडे वळतात. मी उलट सांगेन. आधी पिकोला कीबोर्ड बनवा, त्याच्याकडून एक ळ उमटवून घ्या, मगच आयर्न तापवा. पुढे काही अडलं तर दोष जोडणीत आहे हे तेव्हा आपोआप कळतं.

पिकोवर बूटसेल नावाचं पांढरं बटण आहे. ते दाबून धरा, तसंच धरून केबल लावा आणि मग सोडा. कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसेल. सर्किटपायथन ही अशा बोर्डांवर चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा; तिच्या साइटवरून तुमच्या नेमक्या बोर्डासाठीची यूएफ२ फाईल उतरवा (पिको, पिको डब्ल्यू आणि पिको २ यांच्या फाईली वेगळ्या आहेत) आणि त्या ड्राइव्हवर टाका. ड्राइव्ह आपणच नाहीसा होऊन सर्किटपाय या नावाने परत येईल. त्याच्या लिब फोल्डरमध्ये अडाफ्रूट कंपनीच्या एचआयडी या लायब्ररीचं (कीबोर्डचे निरोप पाठवणाऱ्या तयार प्रोग्रॅमचं) फोल्डर कॉपी करा. लायब्ररीची आणि सर्किटपायथनची मुख्य आवृत्ती एकच असू द्या.

प्रोग्रॅम कोड डॉट पीवाय या फाईलमध्ये राहतो आणि त्याचे तीन भाग होतात. पहिला भाग पिनांची यादी: जीपी२ पासून जीपी१० पर्यंत, ओळीने नऊ. ही यादी सर्किटपायथनमधल्या कीपॅड मॉड्यूलच्या कीज या वर्गाला द्यायची आणि दोन गोष्टी सांगायच्या: बटण दाबलं की पिन शून्यावर येते, आणि आतला पुल-अप चालू ठेव. पुल-अपमुळे मोकळी पिन ३.३ व्होल्टवर स्थिर राहते; बटण तिला ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, टेकवतं तेव्हाच ती शून्य होते. हे मॉड्यूल पिनांकडे दर २० मिलिसेकंदांनी पाहतं. स्विचमधली धातूची पट्टी टेकताना काही क्षण थरथरते. या अंतरामुळे त्या थरथरीतून एकाचे दोन ळ उमटत नाहीत.

दुसरा भाग कोणत्या बटणाने काय पाठवायचं त्याची यादी. तिसरा भाग न थांबणारा लूप: बटण दाबल्याची खबर आली की यादीतले त्या बटणाचे ठोके एकामागून एक सेंड करायचे. सेंड ही आज्ञा दाबणं आणि सोडणं दोन्ही करते. लायब्ररीत इंग्रजी वाक्यं पाठवण्यासाठी यूएस लेआउटची वेगळी सोय आहे, ती आपल्याला नको. आपण बटणांची नावंच वापरतो.

प्रोग्रॅमचा हा दुसरा भाग, ही यादी, या कामाचा आत्मा. माझे नऊ असे आहेत.

वरची ओळ: ळ म्हणजे शिफ्ट-एन, ण म्हणजे शिफ्ट-सी, श म्हणजे शिफ्ट-एम. प्रत्येकी एकच ठोका.

मधल्या ओळीत ष म्हणजे शिफ्ट-कॉमा. त्याच्या शेजारी माझं सगळ्यात लाडकं बटण, ऱ्. यात दोन ठोके आहेत: शिफ्ट-जे, म्हणजे ऱ, आणि मग डी, म्हणजे हलन्त. साधा र घेऊन हलन्त दिला आणि य लावला की रफार होतो आणि ‘दर्या’ उमटतो. ‘दऱ्या’ हव्या असतील तर नुक्त्याचा ऱ लागतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतली गफलत प्रुफात किती वेळा निसटते ते मुद्रितशोधकांना विचारा. एक बटण दाबायचं आणि मुख्य कीबोर्डवर य, एवढ्यात ऱ्य तयार. तिसरं बटण क्ष: के, डी, शिफ्ट-कॉमा.

खालच्या ओळीत ज्ञ: पी, डी, शिफ्ट आणि उजवा चौकोनी कंस. श्र: शिफ्ट-एम, डी, जे. क्ष, ज्ञ, श्र यांना विंडोजच्या इन्स्क्रिप्टमध्ये अंकांच्या ओळीवर शिफ्टसह तयार जागा आहेत, पण सगळ्या सिस्टिमवर त्या सारख्या नसतात. मूळ अक्षरं आणि हलन्त पाठवले की कुठेही तेच उमटतं, म्हणून मी तुकड्यांनी पाठवते.

नववं बटण भाषा बदलायचं, विंडोज-स्पेस. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवरही हीच जोडी चालते. मॅकवाल्यांनी कंट्रोल-स्पेस ठेवावं.

तुम्ही फोनेटिक आराखडा वापरत असाल तर हे ठोके जसेच्या तसे चालणार नाहीत. तुमच्या आराखड्यात ळ साठी काय दाबता ते कागदावर लिहून काढा आणि यादीत तेच घाला.

फाईल सेव्ह केली की पिको स्वतःच पुन्हा सुरू होतो. नोटपॅड उघडा, भाषा मराठी करा. आता वायरचा एक तुकडा घ्या. यूएसबीचं तोंड वर धरलं की डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ अशी पायांची मोजणी सुरू होते. तिसरा पाय ग्राउंड, चौथा जीपी२. तुकड्याचं एक टोक तिसऱ्या पायाच्या भोकात धरून दुसरं चौथ्याला टेकवा. पडद्यावर ळ आला पाहिजे. मोठा एन आला तर पिको बरोबर आहे, कॉम्प्युटर इंग्रजीवर आहे. काहीच आलं नाही तर केबल, नाहीतर प्रोग्रॅममधलं स्पेलिंग.

असेच ५, ६, ७, ९, १०, ११, १२ आणि १४ क्रमांकाचे पाय टेकवून नऊही बटणं तपासा. मधले ८ आणि १३ ग्राउंडचे आहेत, ते वगळायचे.

स्विच धरायला पट्टी लागते. प्रत्येक स्विचला १४ मिलिमीटरचा चौकोन, एका चौकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर. पट्टीची जाडी १.५ मिलिमीटर हवी, कारण स्विचच्या बाजूचे खटके त्याच जाडीसाठी बनलेले असतात. लेझर कटिंगच्या दुकानात ॲक्रिलिक मागितलं की बहुधा ३ मिलिमीटरचं पुढे करतात. त्यात खटका बसत नाही आणि स्विच गोंदाने धरावा लागतो. पातळ शीटच मागा. लेझर कडेचा थोडा भाग जाळतो, त्यामुळे आखलेलं भोक किंचित मोठं निघतं. आधी कोपऱ्यात एकच भोक कापून घ्या, त्यात स्विच बसवून बघा, मग बाकीची. पण त्याही आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना करा आणि एक दिवस जवळ ठेवून बघा, कारण कीपॅड कुठे ठेवणार यावर बटणांचा क्रम ठरतो. माझा स्पेसबारच्या पुढ्यात, मनगटांच्या मधे असतो. ळ, ण, श ची ओळ स्पेसबारला लागून, म्हणजे उजव्या अंगठ्याला ती हात न हलवता सापडते. लॅपटॉपवर तिथे टचपॅड येतो, तेव्हा तो उजवीकडे ठेवावा लागेल आणि जास्त लागणारी बटणं डावीकडच्या स्तंभात घ्यावी लागतील.

जोडणी सोपी आहे. स्विचला मागे धातूचे दोन पाय असतात, दोघांत उलटसुलट काही नाही. नऊही स्विचचा एकेक पाय एकाच उघड्या तारेने ओवून घ्या आणि ती तार पिकोच्या तिसऱ्या पायाला न्या. उरलेल्या प्रत्येक पायापासून वेगळी वायर आपापल्या जीपी पिनेला. सोल्डर आयर्नच्या टोकावर घेऊन पायावर थापायचं नाही. टोक पाय आणि तार दोघांना एकदम टेकवायचं, दोन्ही तापू द्यायचे, मग सोल्डर सांध्याला लावायचं. ते आपोआप पसरतं आणि चकचकीत, उतरत्या कडेचं होतं. गोल मणी बनून बसलं तर सांधा धरलेला नाही, पुन्हा तापवा. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नका, स्विचचं प्लास्टिक मऊ पडतं.

पिकोला वायरी जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक ग्राउंडच्या तारेवर, दुसरं प्रत्येक मोकळ्या पायावर. बटण दाबलं की बीप, सोडलं की शांत. न दाबताच बीप येत असेल तर सोल्डरचा थेंब दोन पायांच्या मधे सांडलाय.

वापरताना विंडोजवर एक गंमत दिसेल. दोन कीबोर्ड जोडलेले असले तरी शिफ्ट दोघांत मिळून एकच धरलं जातं. मुख्य कीबोर्डवरचं शिफ्ट करंगळीखाली राहिलं आणि तेवढ्यात क्ष दाबलं, तर क च्या जागी ख आणि हलन्ताच्या जागी अ उमटतो. सवयीने करंगळी शिफ्टकडे धावते तेव्हाच हे होतं. ती विसावली की बंद होतं.

ऑफिसात नेणार असाल तर आधी तिथल्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगा. पिको कीबोर्डबरोबर पेनड्राइव्ह म्हणूनही दिसतो आणि पेनड्राइव्हला बंदी असलेल्या ठिकाणी यावरून गोंधळ होईल. उपाय सोपा आहे: बूट डॉट पीवाय नावाची फाईल करून स्टोरेज मॉड्यूलची ड्राइव्ह बंद करायची आज्ञा तिच्यात लिहा. मात्र अट घाला, की केबल लावताना ळ चं बटण दाबलेलं असेल तर ड्राइव्ह दिसू दे. अट घातली नाही तर यादी बदलायला पुढे बरीच खटपट पडेल. आणि त्या यादीत पासवर्ड कधीही ठेवू नका. फाईल साधी टेक्स्ट आहे, कीपॅड ज्याच्या हाती पडेल त्याला ती वाचता येते.

नवाची अठरा बटणं झाली तरी हीच जोडणी चालते. सव्वीसच्या पुढे मात्र पिना संपतात आणि मॅट्रिक्स करावं लागतं: आडव्या तारा ओळींच्या, उभ्या स्तंभांच्या, आणि प्रत्येक छेदावर एक स्विच. ५ ओळी आणि १२ स्तंभ म्हणजे १७ पिनांत ६० बटणं. यात प्रत्येक स्विचला १एन४१४८ हा वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा काचेचा डायोड लागतोच. तो नसेल तर चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबल्यावर वीज उलट वाटेने फिरते आणि न दाबलेला चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. डायोडवरचा काळा पट्टा सगळीकडे एकाच दिशेला हवा. मी तो ओळीच्या तारेकडे ठेवते आणि प्रोग्रॅममध्ये ‘स्तंभाकडून ओळीकडे’ ही दिशा सांगते. कीपॅड मॉड्यूलमध्ये कीज च्या जागी कीमॅट्रिक्स हा वर्ग वापरायचा, बाकी ठोक्यांची यादी आणि लूप तसाच राहतो.